रात्री एक वाजता उठणार कोण, ते आधी ठरवा

माननीय संपादक यांस,

गेल्या रविवारच्या पुरवणीत मोठ्या जातीच्या कुत्र्यांवर पानभर लेख होता, फोटो झकास होते, पण खालच्या चौकटीत 'पिल्लू सात दिवसांत घरात घाण करायचं थांबतं' असं छापलंय ते वाचून मला काय राहवेना म्हणून लिहायला बसले. सात दिवस! सात दिवसांत आमच्या पिल्लाला मागचं दार कुठल्या बाजूला ते पण नीट कळलं नव्हतं. आणि लेखात दिवसाचं सगळं होतं, फिरायला कधी न्या, काय खायला घाला, पट्टा कसला घ्या, रात्रीचं एक अक्षर नाही.

मी मालवण तालुक्यातली. अंगणवाडीत सेविका म्हणून २६ वर्षं काढली, आता घरीच असते, चार कलमं, थोडे काजू, आमचे हे आणि ८१ वर्षांच्या सासूबाई. गेल्या मे महिन्यात मुलगा मुंबईहून सुट्टीला आला तो गाडीच्या मागच्या सीटवर खोका घेऊनच, खोक्यात ग्रेट डेनचं पिल्लू. 'आई, तुम्हाला सोबत होईल, राखण पण होईल' म्हणाला. आठ दिवस राहिला, पिल्लाचे दोनशे फोटो काढले, नाव ठेवलं थॉर, आणि गेला. सासूबाईंना ते थॉर काय जमेना, त्या म्हणायला लागल्या थोर, आता अख्खी वाडी थोरच म्हणते. नावात डेन असलं तरी ही जात जर्मनीत घडलेली म्हणे, पूर्ण वाढ झालेला नर ६०-७० किलोच्या पुढे जातो. हे सगळं मला पिल्लू घरात आल्यावर कळलं, आधी विचारलं असतं तर मी मांजर आण म्हटलं असतं.

आलं तेव्हा ते ४५ दिवसांचं होतं. विकणारे सगळे '४५ दिवसांचं पिल्लू' असंच म्हणतात, जसा काय तो नियमच आहे. नियम वेगळाच आहे, केंद्र सरकारचे २०१७ चे कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे नियम आहेत, त्यात ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचंच नाही असं आहे, म्हणजे ५६ दिवस. मला हे नंतर डॉक्टरांनी सांगितलं. तुम्ही म्हणाल दहा-अकरा दिवसांनी काय होतं, तर होतं हो, त्या दिवसांचा संबंध थेट आपल्या लादीशी येतो. पिल्लं तीन-चार आठवड्यांची झाली की झोपायच्या जागेवरून उठून बाजूला जाऊन करायला लागतात, हे ती आईजवळ भावंडांत असतानाच शिकतात, आणि तिथे पायाखाली जे असेल तीच त्यांना पुढे हक्काची जागा वाटते. आमचा थोर जिथून आला तिथे जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरलेली होती. म्हणजे माफ करा संपादक, पण त्याचं प्राथमिक शिक्षण पेपरावर बसूनच झालेलं.

आम्हाला ते कळलं आठळ्यांवरून. सासूबाईंनी पावसाळ्याच्या बेगमीला फणसाच्या आठळ्या धुऊन माजघरात कोपऱ्यात पेपर घालून सुकत टाकलेल्या, चांगली पाटीभर. पहाटे बघतो तर थोर बरोबर त्या आठळ्यांच्या मधोमध बसलेला, मागचे पाय जरा वाकवून, चेहरा एकदम शांत, काम करून उठला, दोन आठळ्या हुंगल्या आणि परत जाऊन झोपला. सासूबाई काय काय बोलल्या ते तुम्ही छापणार नाही. पण त्या पिल्लाचं काय चुकलं सांगा, घरात दुसरीकडे कुठे पेपर नव्हता, होता तिथे तो इमानदारीत गेला.

बरं पहिल्या चार रात्री आम्ही सगळ्या चुका केल्या. मुलाने जाताना ऑनलाईन लोखंडी पिंजरा मागवून दिलेला, मोठा झाल्यावर पण पुरेल असा, आत मी सुद्धा पाय दुमडून झोपले असते. कुत्रा झोपायच्या जागी शक्यतो घाण करत नाही हे खरं, पण एवढ्याशा पिल्लाला एवढा मोठा पिंजरा दिला की त्याचे दोन खोल्यांचे ब्लॉक होतात, एका टोकाला बेडरूम आणि दुसऱ्या टोकाला संडास. आमच्या सुताराने शेवटी एक प्लायची फळी कापून मधे सरकती बसवून दिली, उभं राहता येईल, वळता येईल, पाय ताणून झोपता येईल एवढीच जागा ठेवली, आणि पिल्लू वाढेल तशी फळी मागे सरकवायची. दोनशे रुपयांचं काम, आणि निम्मा प्रश्न तिथे सुटला. मोठ्या जातीचं पिल्लू असेल तर ही फळी हवीच, पिंजरा विकणारा कोणी सांगत नाही.

दुसरी चूक म्हणजे त्याला पडवीत एकट्याला ठेवला. रात्रभर रडला. शेजारचे म्हणाले अंगणात बांध, सकाळी पाणी मार, झालं, आमच्याकडे पिढ्यान्पिढ्या कुत्री अशीच राहिली. राहिली ना, पण आमच्या वाडीतून दोन वर्षांत दोन बांधलेली कुत्री बिबट्याने नेलीत, एकाची फक्त साखळी उरली होती, आणि माझ्या घरात आणलेलं जनावर मी बिबट्याच्या ताटात वाढून ठेवणार नाही. मग मीच माजघरात पिंजऱ्याच्या शेजारी चटई टाकली. रात्री त्याने कुंईं केलं की हात लावायचा, एवढ्याने गप्प व्हायचा, आणि मला पण कळायला लागलं की कुठलं रडणं एकटेपणाचं आणि कुठलं सूचं. सू आलेली असली की आधी गोल गोल फिरतो, हुंगतो, मग बारीक आवाज करतो, आणि त्या आवाजापासून दारापर्यंत पोचायला आपल्याकडे अर्धा मिनिट असतो.

आता अलार्मचं. आम्ही अंगणवाडीत नवीन पोरांना कधी 'सू आली का' असं विचारत बसायचो नाही, खेळात रमलेलं पोर नाहीच म्हणणार आणि दोन मिनिटांत चड्डी ओली. आम्ही त्यांना आधीच न्यायचो. इथे पण तेच केलं. डॉक्टरांनी ढोबळ हिशेब दिला की पिल्लू जितक्या महिन्यांचं त्यात एक मिळवायचा, तितके तास ते जास्तीत जास्त धरू शकतं, दोन महिन्यांचं तीन तास, तीन महिन्यांचं चार. रात्री झोपेत थोडं जास्त. म्हणून मी सुरुवातीला साडेदहाला शेवटचं बाहेर नेऊन आणायची, मग अलार्म एकचा आणि साडेतीनचा, मग साडेपाचला तसंही मी उठतेच. तो रडायच्या आधी आपण उठायचं, कारण रडल्यावरच दार उघडतं असं एकदा त्याच्या डोक्यात बसलं की मग तो नुसतं खेळायला सुद्धा रडून बघतो. तरी पण मधेच रडलाच तर न्यायलाच हवं, तिथे हट्ट करू नये, लादी आपलीच भिजते. ओळीने चार-पाच रात्री कोरड्या गेल्या की अलार्म पंधरा मिनिटं पुढे. एकचा सव्वा, सव्वाचा दीड, असं करत करत दोन्ही अलार्म एकमेकांत मिसळले आणि जुलैच्या शेवटाला एकच राहिला, पहाटे तीनचा. सात दिवस नाही, दहा-अकरा आठवडे.

आणि रात्री बाहेर नेल्यावर गप्पा नाहीत. आमचे हे एकदा माझ्याऐवजी उठले आणि मागीलदारी त्याच्याशी 'काय रे सायबा, झोप नाय काय तुका' करत बसले, थोर खुश, सू राहिली बाजूला, चांगला अर्धा तास ह्यांच्या लुंगीचं टोक ओढत होता, शेवटी आत आला आणि आल्या आल्या देवघरासमोर केली. रात्री कंटाळवाणंच वागायचं, पट्टा लावायचा, ठरलेल्या जागी नेऊन उभं राहायचं, एकच शब्द बोलायचा, आम्ही 'कर' म्हणतो, आणि झालं की लगेच तिथल्या तिथे शाबासकी आणि चण्याएवढा खाऊ. घरात आल्यावर दिला तर त्याला वाटतं घरात आल्याबद्दल मिळाला. पाच मिनिटांत नाही केली तर परत पिंजऱ्यात, दहा मिनिटांनी परत बाहेर.

पाण्याबद्दल लोक हमखास चुकीचं सांगतात, संध्याकाळनंतर पाणी बंद करा म्हणून. मे महिन्यात, आमच्या इथल्या त्या चिकट उकाड्यात, मोठ्या जातीच्या पिल्लाचं पाणी तोडणार? मी त्याचं जेवण साडेसातला संपवायची आणि पाण्याचं भांडं झोपायच्या तासभर आधी उचलायची, फार उकडत असेल तर तेही नाही, त्यापेक्षा एकदा जास्त उठलेलं परवडलं. आणि खाल्ल्यावर पंधरा मिनिटं ते अर्ध्या तासात बाहेर न्यायचंच, पोट भरलं की आतडी हलायला लागतात, माणसाच्या बाळाचं पण तेच.

घाण पुसायला मी पहिले फिनेल वापरलं, आपण सगळे वापरतो. आपल्या नाकाला वास गेला, त्याच्या नाही, परत बरोबर तिथेच. आणि अमोनियाचा अंश असलेलं काही वापरलं तर उलट त्याला मुताचाच वास वाटतो. लादीवर मी मग आधी कोरड्या फडक्याने सगळं टिपून घ्यायची, घासायचं नाही, मग व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं, वर थोडा खायचा सोडा. शहरात एन्झाइमवालं औषध मिळतं ते जास्त चांगलं, मुलाने पाठवलं होतं एकदा. पण मागच्या खोलीत आमच्याकडे अजून मातीची जमीन आहे, तिथे काय उपयोग नाही, तिथली माती खरवडून काढून परत सारवावं लागलं, आणि सारवल्यावर शेणाच्या वासाने त्याला वाटलं असणार की ही तर सार्वजनिक जागाच दिसते. त्या खोलीचं दार मग आम्ही गणपतीपर्यंत उघडलं नाही. पुसताना अनवाणी राहू नका एवढं मात्र सांगते, आमच्याकडे पावसात लेप्टो नावाचा आजार असतो, उंदरांच्या मुतातून साचलेल्या पाण्यात येतो, कुत्र्याला झाला तर त्याच्या मुतातून पण माणसाला होऊ शकतो. त्याची लस कुत्र्यांना मिळते, ती विचारून घ्या.

लशीवरून आठवलं, लेखात पहिल्या दिवसापासून रस्त्यावर फिरवा असं लिहिलंय. नको हो. पार्वो हा पिल्लांचा जीवघेणा आजार, त्याचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो आणि पिल्लाचे डोस साधारण १६ आठवड्यांपर्यंत चालू असतात, तोवर भटकी कुत्री फिरतात तिथे पिल्लू खाली सोडायचं नाही. आम्ही गडग्याच्या म्हणजे दगडी कुंपणाच्या आत, मागीलदारी पोफळीखालचा एक तुकडा ठरवला आणि रोज तिथेच.

आणि मग पाऊस आला.

मे महिन्यात कोरड्या अंगणात हुशारीने सगळं करणारं पिल्लू जूनमध्ये दारात उभं राहून माझ्याकडे असं बघायला लागलं की जसं काय पाऊस मीच पाडतेय. पायरीवर एक पाय ठेवायचा, पागोळी डोक्यावर पडली की मागे. रात्री एक वाजता, लाईट गेलेली, मी एका हातात छत्री, एका हातात बॅटरी, काखेत पट्टा, आणि हा बारा-तेरा किलोचा जीव दारात नांगरासारखा रुतलेला. ओढायचं नाही, पायऱ्यांवरून उड्या मारू द्यायच्या नाहीत, मोठ्या जातीची हाडं-सांधे वाढीत असताना नाजूक असतात, लादीवर घसरणं पण वाईट म्हणून पिंजऱ्यापासून दारापर्यंत गोणपाट टाकलेले. उचलून नेलं. चार दिवसांनी कंबर धरली. शेवटी ह्यांनी मागच्या पडवीला लागून माडाच्या झावळ्यांचे झाप बांधून वर जुना पत्रा टाकला, चार फूट बाय सहा फुटाची कोरडी जागा झाली, आणि पोफळीखालची त्याचा वास असलेली दोन पाट्या माती आणून तिथे पसरली. नवीन माती टाकली असती तर त्याला काय कळलं नसतं. दुसऱ्याच रात्री गेला. सासूबाई म्हणाल्या, 'आमका लगीन होवन इल्यार धा वर्सां संडास नाय होतो, कुत्र्याक म्हयन्यात बांधलो.'

रात्री पिल्लाला घेऊन बाहेर पडणाऱ्यांनी आमच्या भागात बॅटरी आणि काठी ह्याशिवाय पाऊल टाकू नये. कातळाचा आणि चिऱ्यांचा मुलूख, फुरसं इथलंच, विषारी साप, वीतभर दिसतं, रात्रीच हिंडतं, अंगाचे खवले घासून करवतीसारखा आवाज करतं, आणि पिल्लू तर प्रत्येक गोष्टीत पहिलं नाक घालणार. मी आधी काठी आपटायची, जागेवर उजेड फिरवायचा, मगच त्याला पुढे सोडायचा. जाग्याभोवतीचं गवत आणि रचलेले चिरे आम्ही आधीच काढून टाकले.

ह्या सगळ्यात मला एक गोष्ट जी लेखात कुठेच नव्हती ती सांगायचीय, त्यासाठीच खरं एवढं लिहिलं. साडेतीन महिन्यांचा असताना थोरला आम्ही काजूच्या काट्यावर उभा केला, २२ किलो. गावठी कुत्रं पूर्ण वाढलं तरी जेमतेम एवढं भरतं. येणारा जाणारा प्रत्येक जण म्हणायचा की एवढा मोठा झाला आणि अजून घरात करतो? सासूबाई पण, 'ह्यो कुत्रो नाय गो, पाडो आसा.' आणि एका रात्री त्याने दाराशीच केली, अगदी उंबऱ्याला लागून, तेव्हा माझी झोप दोन महिने मोडलेली, मी त्याच्यावर जोरात ओरडले आणि हात पण उगारला. तो एवढा मोठा देह घेऊन खाटेखाली शिरायला बघत होता, डोकं गेलं, बाकीचा बाहेर, आणि थरथरत होता.

आणि मला माझ्या अंगणवाडीतला एक मुलगा आठवला. तीन वर्षांचा, पण उंचीने पाच वर्षांचा वाटायचा. चड्डी ओली झाली की बाकीच्या पोरांना सगळे बाळ म्हणायचे, ह्याला 'एवढा घोडा झालास' म्हणायचे, आया पण आणि खरं सांगते मी पण. तो मग सू आली तर सांगायचाच नाही, फळ्यामागे जाऊन लपून करायचा. थोरने दाराशी केली म्हणजे काय, तर तो दारापर्यंत गेला होता, मीच उठले नाही. देह २२ किलोचा असला तरी वय साडेतीन महिनेच, पिल्लांना नीट आवर यायला चार ते सहा महिने लागतात, काहींना जास्त, आणि ओरडलं, नाक घासलं की ती घरात करायची थांबत नाहीत, आपल्या समोर करायची थांबतात, मग सोफ्यामागे सापडतं. सासूबाई उठून बसल्या आणि मलाच म्हणाल्या, 'कित्याक वरडतस त्येका, तुझो झील सात वर्सांचो होयसर हातरुणात मुतत होतो.' झील म्हणजे मुलगा, थोरला आणणाराच. त्या रात्रीनंतर मी ओरडले नाही. (एवढं मात्र खरं की रीत पाळूनही पिल्लू सारखं थेंब थेंब करत असेल, किंवा रात्री कोरडं राहायला लागून परत भिजवायला लागलं तर डॉक्टरांकडे न्या, लघवीचं इन्फेक्शन असू शकतं, त्याला शिकवून काय होणार.)

गणपतीला मुलगा आला. थोर तोपर्यंत रात्री साडेदहा ते पहाटे साडेपाच सलग झोपायला लागलेला, तीन आठवडे एक थेंब नाही, मी मनातून फार फुशारलेले. मुलगा दारात दिसला तसा थोर धावत गेला, शेपटीने ओट्यावरची कळशी पाडली, आणि आनंदाने मुलाच्या पायावरच केली, नव्या बुटांवर. मुलगा काय म्हणाला माहितीय, 'आई, अजून शिकवलं नाहीस?'

मी भांडले नाही. हे शिकवण्यातलं नसतंच, जास्त आनंद झाला की लहान वयाच्या कुत्र्यांची सुटते, येताना शांतपणे आलं, लगेच अंगावर घेतलं नाही तर आपोआप कमी होतं आणि बहुतेकांचं वर्षाच्या आसपास जातं. पण गणपतीत घर भरलेलं, माटवीखाली गणपती, वीस माणसं, आरत्या, भजनं रात्री दोनपर्यंत, थोरचं सगळं वेळापत्रक कोलमडलं. मग मी ठरवलं आणि मुलाची चटई माजघरात पिंजऱ्याशेजारी टाकली, मोबाईलवर एकचा आणि चारचा अलार्म स्वतः लावून दिला, झापाखालची जागा, काठी, बॅटरी सगळं दाखवलं आणि मी मे महिन्यानंतर पहिल्यांदा आतल्या खोलीत पंख्याखाली झोपले. पाच दिवस त्याने केलं, तक्रार न करता. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी निघताना डोळ्यांखाली काळं आलेलं. म्हणाला, 'माझा एक मित्र पण गावाला आई-बाबांसाठी रॉटवायलर पाठवायचं म्हणतोय, मी त्याला फोन करतो.' काय सांगितलं फोनवर ते मी ऐकलं नाही, पण फोन चांगला अर्धा तास चालला आणि रॉटवायलर काही आला नाही.

तर पुढच्या वेळी असा लेख छापलात तर एक चौकट रात्रीची पण टाका. आणि खाली माझं नाव छापू नका ही विनंती, मुलगा तुमचा पेपर मोबाईलवर वाचतो आणि ते सात वर्षांपर्यंतचं प्रकरण आमच्या घरातच राहिलेलं बरं. आम्ही मात्र अजून कागदाचाच पेपर घेतो, फक्त आता तो टेबलावर उघडतो. परवा ह्यांच्या हातून जमिनीवर पडला, थोर लांबून बघत बघत आला, अग्रलेखाच्या पानावर उभा राहिला, गोल फिरायला लागला, आणि आम्ही तिघंही एकदम ओरडलो, 'भायर!'

आपली,
एक वाचक, मालवण तालुका